पाचवे शील आणि रस्त्यावरचा न्याय

(बुद्धविहारात वर्षावासाच्या व्याख्यानमालेत दिलेले भाषण)





चालकांनी मला पंचशीलावर बोलावयास सांगितले आहे. त्यांतील पाचवे शील मी आजच्या भाषणासाठी निवडले आहे. परंतु दारू वाईट आहे, ती पिऊ नये, एवढेच सांगून मी थांबणार नाही. ते आपणांस ठाऊक आहे. दुसऱ्या कोणी दारू पिऊन मोटार हाकली आणि आपल्या घरचा कर्ता मुलगा मोटारसायकलवरून कामावरून परत येताना तिच्याखाली सापडला, तर त्या घराने काय करावयाचे, हा माझा आजचा विषय आहे. शील हे केवळ विहारात म्हणावयाचे नसते. ते दुसऱ्याने मोडल्यामुळे आपला संसार मोडतो, तेव्हाही ते आपल्याला काही सांगत असते.

२०२२ या एका वर्षात भारतात रस्त्यांवरील अपघातांत १,६८,४९१ माणसे मृत्यू पावली. त्यांतील शंभरांपैकी सुमारे ४४ माणसे दुचाकीवरची होती. दुचाकीवर कोण असतो? ज्याला मोटार परवडत नाही तो. गवंडी, सुतार, कारखान्यातील कंत्राटी कामगार, घरोघर माल पोहोचविणारा पोरगा, शाळेवर जाणारा शिक्षक. म्हणजे आपलीच माणसे. मोटारीतील माणसाभोवती लोखंडाचा पिंजरा असतो. दुचाकीवरील माणसाभोवती त्याच्या अंगावरील सदरा असतो. म्हणून मोटार हाकणाऱ्याने दारू घेतली, तर त्याची किंमत बहुधा दुसराच मोजतो.

असा प्रसंग आला म्हणजे शेजारपाजारचे लोक पहिली गोष्ट कोणती म्हणतात? “त्याच्या नशिबातच होते.” कोणी म्हणतो, “मागल्या जन्मीचे भोग.” बंधूंनो, १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला आपल्या लोकांनी जो जुना धर्म सोडला, त्याच्याबरोबर हे वाक्यही सोडले आहे. मागल्या जन्मीच्या पापामुळे या जन्मी दुःख भोगावे लागते, या कल्पनेने आपल्या वाडवडिलांना पिढ्यान् पिढ्या गप्प बसविले. बाबासाहेबांनी १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या धम्मग्रंथात या कल्पनेचा कठोर समाचार घेतला आहे. भगवान बुद्धाची शिकवण अशी की, प्रत्येक गोष्टीला कारण असते, आणि कारण दूर केले म्हणजे परिणाम दूर होतो. मग या मृत्यूचे कारण काय? मागला जन्म नव्हे. त्या संध्याकाळी कोणी तरी पेला रिकामा केला आणि मोटारीची किल्ली फिरविली, हे कारण. जो मृत्यू नशिबाने झाला त्याची फिर्याद करता येत नाही. जो माणसाच्या कृत्याने झाला त्याची करता येते, आणि केलीच पाहिजे.

पाचव्या शीलाची भाषा लक्षपूर्वक पाहा. त्यात मद्य वर्ज्य सांगितले आहे ते ‘प्रमादाचे स्थान’ म्हणून. प्रमाद म्हणजे बेसावधपणा, निष्काळजीपणा. आता फौजदारी कायद्याचे पुस्तक उघडा. निष्काळजीपणाने दुसऱ्याचा मृत्यू घडविणे हा तेथे अपराध आहे. जे धम्माने अडीच हजार वर्षांपूर्वी शील म्हणून सांगितले, तेच आज कायदा दंडाच्या भाषेत सांगतो आहे. फरक इतकाच की शील आपण स्वतःहून पाळतो, आणि कायदा पाळावयास लावावा लागतो. तो आपोआप चालत नाही. तो चालविण्यासाठी कोणाला तरी पोलीसठाण्याच्या पायऱ्या चढाव्या लागतात.

येथे एक शंका येईल. काही उपासक विचारतात की, वैराने वैर शमत नाही असे धम्म सांगतो. मग अपराध्याला शिक्षा व्हावी म्हणून झगडणे हे मैत्री आणि करुणा यांना सोडून नाही काय? या शंकेचे उत्तर सरळ आहे. वैर म्हणजे सूड. जमावाने मोटारवाल्याला खाली ओढून मारणे, त्याची मोटार जाळणे, हे वैर आहे, आणि ते आपण कदापि करता कामा नये. त्याने मेलेला परत येत नाही. उलट आपलीच मुले आरोपी होतात आणि मूळ गुन्हा बाजूला पडतो. परंतु फिर्याद देणे, साक्ष देणे, भरपाई मागणे हा सूड नव्हे. विधवेच्या मुलांना दोन वेळचे अन्न आणि शाळा मिळावी हे मागणे करुणाच आहे. उद्या तोच मनुष्य पुन्हा दारू पिऊन दुसऱ्या कोणाच्या मुलावर मोटार घालू नये, हे पाहणे ही त्या दुसऱ्या मुलाविषयीची मैत्री आहे.

आता प्रत्यक्ष व्यवहाराकडे वळू.

अपघात झाला की पहिले काम जखमी माणसाला वाचविण्याचे. १०८ किंवा ११२ या क्रमांकावर खबर द्यावी. मदत करणाऱ्या माणसाला पोलीस अडकवतील ही भीती पुष्कळांना वाटते. मोटार वाहन कायद्याच्या १३४अ या कलमाने सद्भावनेने मदत करणाऱ्याला संरक्षण दिले आहे. त्याच्यावर दिवाणी वा फौजदारी जबाबदारी येत नाही. तसेच २०२५ पासून केंद्र सरकारच्या योजनेप्रमाणे अपघातग्रस्ताला नेमलेल्या रुग्णालयात पहिले सात दिवस, दीड लाख रुपयांपर्यंत, रोख पैसे न भरता उपचार मिळण्याची सोय झाली आहे. “आधी पैसे भरा” असे कोणी म्हणाले तर या योजनेचे नाव घेऊन विचारणा करावी.

दुसरे काम मोटार हाकणाऱ्याच्या तपासणीचे. हे काम पोलिसांचे आहे, परंतु त्याची आठवण आपण ठेवली पाहिजे. कायद्याने मर्यादा अशी घातली आहे की, वाहन हाकणाऱ्याच्या १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमहून अधिक मद्यार्क आढळला तर तो १८५ व्या कलमाखाली गुन्हा होतो. पहिल्या वेळी सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दहा हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. आता हे ध्यानात घ्या की रक्तातील मद्यार्क दर तासाला साधारणतः १५ मिलिग्रॅमने उतरत जातो. रात्री दहा वाजता ज्याच्या रक्तात ८० मिलिग्रॅम होता, त्याच्या रक्तात दोन वाजता २० च्या आसपास उरेल, आणि कागदावर तो निर्दोष ठरेल. चार तासांच्या दिरंगाईने संबंध खटला दुबळा होतो. म्हणून नातेवाइकांपैकी एकाने रुग्णालयात थांबावे आणि दुसऱ्याने थेट पोलीसठाण्यात जावे. “मोटारचालकाची श्वासाची आणि रक्ताची तपासणी ताबडतोब करावी, आणि घटनास्थळाजवळच्या दुकानांतील, पेट्रोलपंपावरील व टोलनाक्यावरील कॅमेऱ्यांचे चित्रण जप्त करावे,” असा लेखी अर्ज द्यावा आणि त्याच्या प्रतीवर ठाण्याचा शिक्का व वेळ घ्यावी. तोंडी बोलणे हवेत जाते. शिक्का मारलेला कागद न्यायालयात बोलतो.

तिसरे काम फिर्यादीचे. १ जुलै २०२४ पासून जुन्या दंडसंहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली आहे. तिच्या १०६ व्या कलमाप्रमाणे निष्काळजीपणाने मृत्यू घडविणाऱ्यास पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. आपल्या कृत्याने मृत्यू घडण्याचा संभव आहे हे ठाऊक असताना ते कृत्य केले असे सिद्ध झाले, तर १०५ वे कलम लागते आणि शिक्षा दहा वर्षांपर्यंत जाते. कोणते कलम लागावयाचे, हे पुष्कळदा पहिल्या खबरेत काय लिहिले आहे आणि रक्ताचा अहवाल काय सांगतो, यावर अवलंबून राहते. म्हणून चालक दारूच्या नशेत होता हे ज्याने पाहिले, त्याने ते जबाबात स्पष्ट सांगावे. जे पाहिले नाही ते मात्र सांगू नये. सत्य हे आपले चौथे शील आहे, आणि एका खोट्या वाक्याने दहा खरी वाक्ये संशयास्पद होतात. खबरेची प्रत फुकट मिळण्याचा आपणांस हक्क आहे. ठाणेदार फिर्याद घेत नसेल तर ती लिहून जिल्हा पोलीस अधीक्षकांकडे टपालाने पाठवावी. तेथेही दाद लागली नाही तर दंडाधिकाऱ्यांकडे जावे. तपास कोठवर आला हे नव्वद दिवसांच्या आत फिर्यादीला किंवा पीडिताला कळविण्याचे बंधन पोलिसांवर आहे.

हे सर्व करून गरिबाला न्याय मिळतो काय, असा प्रश्न आपल्या मनात असेल. मी दोन उदाहरणे सांगतो, आणि ती दोन्ही महाराष्ट्रातील आहेत.

१२ नोव्हेंबर २००६ च्या पहाटे मुंबईत वांद्र्याच्या कार्टर रोडवर एका तरुणाची मोटार पदपथावर झोपलेल्या मजुरांवर चढली. सात मजूर मेले, आठ जखमी झाले. चालकाने मद्य घेतले होते. सत्र न्यायालयाने त्यास निष्काळजीपणाबद्दल सहा महिन्यांची साधी कैद व दंड सांगितला. सात माणसांच्या जिवाला सहा महिने! परंतु प्रकरण तेथे थांबले नाही. उच्च न्यायालयाने २००७ साली सदोष मनुष्यवधाचा अपराध सिद्ध धरून तीन वर्षांची सक्तमजुरी दिली, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१२ मध्ये ती कायम केली. दारू पिऊन बेफाम मोटार हाकणाऱ्याला आपण काय करीत आहो याची जाणीव असते असे धरता येते, हे त्या निकालाने पक्के झाले. पदपथावर झोपणाऱ्या मजुरांच्या मृत्यूमुळे हा कायदा घडला, हे विसरू नका.

दुसरे उदाहरण पुण्याचे. १९ मे २०२४ रोजी कल्याणीनगर भागात एका भरधाव मोटारीने मोटारसायकलवरील दोघांना उडविले. मध्य प्रदेशातून पुण्यास नोकरीसाठी आलेले एक तरुण व एक तरुणी, दोघेही अभियंते, मृत्यू पावले. मोटार सतरा वर्षांचा मुलगा चालवीत होता आणि त्याने मद्य घेतले होते असा आरोप आहे. त्याच दिवशी बालन्याय मंडळाने त्यास जामीन दिला. अपघातांवर तीनशे शब्दांचा निबंध लिहावा अशी त्यात एक अट होती. देशभर संताप उसळला. पुढे रक्ताचा नमुनाच बदलल्याच्या आरोपावरून डॉक्टरांनाही अटक झाली. जुलै २०२५ मध्ये त्या मुलावर प्रौढाप्रमाणे खटला चालवावा ही पोलिसांची मागणी मंडळाने नाकारली. या प्रकरणापासून शिकावयाचे ते हे की, पुरावा पहिल्या काही तासांतच वाचतो किंवा मरतो. तेथे वर्तमानपत्रे जागी होती. आडरस्त्यावर मेलेल्या आपल्या माणसासाठी वर्तमानपत्र येणार नाही. तेथे आपल्यालाच जागे राहावे लागेल.

आता भरपाईकडे येऊ. फौजदारी खटला आणि भरपाईचा दावा या दोन स्वतंत्र गोष्टी आहेत. फौजदारी खटला चालू असला, किंवा त्यात आरोपी सुटला, तरी भरपाईचा दावा बुडत नाही. कारण तेथे पुराव्याची कसोटी निराळी व सौम्य असते. हा दावा मोटार अपघात दावा न्यायाधिकरणापुढे १६६ व्या कलमाखाली करावयाचा. अपघात जेथे झाला तेथे जाण्याची सक्ती नाही. आपण राहतो तेथील न्यायाधिकरणातही तो करता येतो. एप्रिल २०२२ पासून अर्ज सहा महिन्यांच्या आत करावा असे कायद्यात आले आहे. या अटीविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली गेली आहे, तरी तिच्यावर विसंबून राहू नये. सहा महिन्यांच्या आतच अर्ज द्यावा.

भरपाई किती मिळते, हे आपल्या लोकांना ठाऊक नसते, म्हणून मोटारवाल्याचा मध्यस्थ पन्नास हजारांची पुडी घेऊन आला की ती मोठी वाटते. सर्वोच्च न्यायालयाने २००९ आणि २०१७ च्या निकालांत हिशेबाची रीत घालून दिली आहे. ती मी मांडून दाखवितो.

समजा, बत्तीस वर्षांचा गवंडी महिना १५,००० रुपये मिळवीत होता. घरी आई, पत्नी आणि दोन मुले. स्वतंत्र धंदा करणारा आणि चाळिशीच्या आतला, म्हणून पुढील वाढीपोटी शेकडा ४० मिळवावयाचे, झाले २१,०००. अवलंबून असलेली माणसे चार, म्हणून त्याच्या स्वतःच्या खर्चापोटी एक चतुर्थांश वजा, राहिले १५,७५०. वर्षाचे झाले १,८९,०००. त्याच्या वयाला गुणक १६. गुणाकार केला तर ३०,२४,००० रुपये होतात. अंत्यसंस्कार, वारसांची हानी आणि पतीच्या व पित्याच्या सहवासाची हानी यांची रक्कम त्यावर वेगळी. आता सांगा, पन्नास हजारांवर अंगठा उठविणे म्हणजे काय करणे होय?

पगाराची चिठ्ठी नाही म्हणून निराश होऊ नये. मुकादमाचा जबाब, बँकेचे पासबुक, सोबतच्या कामगारांची साक्ष चालते. तेही नसेल तर न्यायाधिकरण किमान वेतनासारख्या आधारावर उत्पन्न ठरविते. घरकाम करणाऱ्या स्त्रीच्या श्रमालाही किंमत आहे असे सर्वोच्च न्यायालयाने २०२१ साली पुन्हा सांगितले आहे. तेव्हा मृत व्यक्ती गृहिणी असली तरी दावा होतो. विधवेने पुनर्विवाह केला म्हणून तिचा हक्क जात नाही, असे मुंबई उच्च न्यायालयाने २०२३ मध्ये म्हटले आहे. सासरच्या मंडळींनी सुनेला बाजूस सारून पैसा उचलण्याचा विचारही मनात आणू नये.

विमा कंपनी नाना सबबी सांगेल. मोटारसायकलवर तिघे होते असे म्हणेल. परंतु तिघे बसल्यामुळेच अपघात घडला असे दाखविता आले नाही तर केवळ त्या कारणाने भरपाई कापता येत नाही, असा सर्वोच्च न्यायालयाचा २०२० चा निकाल आहे. चालक दारू प्याला होता म्हणून आम्ही देणे लागत नाही, असेही कंपनी म्हणेल. अशा अनेक खटल्यांत न्यायालयांनी कंपनीने आधी पीडिताला रक्कम द्यावी आणि मग मोटारमालकाकडून वसूल करावी, असा हुकूम केला आहे. ठोकर मारून मोटार पळून गेली आणि सापडलीच नाही, तर मृत्यूबद्दल दोन लाख आणि गंभीर दुखापतीबद्दल पन्नास हजार रुपये सरकारी योजनेतून मिळतात. त्यासाठी अर्ज उपविभागीय अधिकारी अथवा तहसीलदार यांच्याकडे द्यावा.

वकिलाला पैसे कोठून आणावयाचे? १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या १२ व्या कलमाप्रमाणे अनुसूचित जातीच्या व्यक्तीस, स्त्रीस आणि मुलास, उत्पन्न कितीही असले तरी, मोफत वकील मिळण्याचा हक्क आहे. येथे नवदीक्षित कुटुंबांना एक भीती असते की, बौद्ध झालो म्हणून हा हक्क गेला. गेला नाही. १९९० साली राष्ट्रपतींच्या १९५० च्या आदेशाची दुरुस्ती झाली आणि बौद्ध धम्म स्वीकारलेल्या अनुसूचित जातींच्या लोकांचे हक्क कायम झाले. जिल्हा न्यायालयातील विधी सेवा प्राधिकरणाच्या कचेरीत जावे किंवा १५१०० या क्रमांकावर विचारावे. निकालाच्या रकमेत टक्केवारी मागणाऱ्या दलालापासून दूर राहावे. वकिलालाही अशी टक्केवारी घेण्याची व्यवसायाच्या नियमांनी मनाई आहे.

भगिनींनो आणि बंधूंनो, समेटाचा दबाव येईल. गावचा पुढारी येईल, मालक येईल, “तुमचा मुलगा काही परत येणार नाही,” असे गोड शब्दांत सांगेल. लोकन्यायालयात, न्यायाधीशांसमोर, हिशेब समजून घेऊन केलेली तडजोड कायदेशीर आहे. परंतु रात्री ओसरीवर बसवून कोऱ्या कागदावर सही घेणे ही तडजोड नव्हे. असा कागद पुढे आला की एकच उत्तर द्यावे: “आमच्या वकिलाला दाखवू.” विधवा एकटी असली की ती वाकते. चार माणसे तिच्या पाठीशी बसली की ती वाकत नाही. म्हणून माझी सूचना अशी की, पुण्यानुमोदनाचा विधी ज्या दिवशी होईल, त्याच दिवशी वस्तीने दोन शिकलेल्या तरुणांकडे त्या घराचे काम सोपवावे. खबरेची प्रत, घटनास्थळाचा पंचनामा, शवविच्छेदनाचा अहवाल, दोन्ही वाहनांचे कागद, विम्याची पावती, शिधापत्रिका, रुग्णालयाची बिले, हे सर्व एका पिशवीत त्यांनी जमा करावे आणि प्रत्येक तारखेला त्या बाईसोबत न्यायालयात जावे. मृताला याहून मोठे पुण्यानुमोदन मला माहीत नाही.

शेवटी एक कटू गोष्ट सांगितली पाहिजे. दारू पिऊन वाहन हाकणारा नेहमी दुसऱ्याच वस्तीतला असतो असे नाही. आपली मुलेही लग्नाच्या वरातीत आणि मिरवणुकीत पितात आणि तशीच मोटारसायकलवर बसतात. बावीस प्रतिज्ञांमध्ये दारू न पिण्याची प्रतिज्ञा आहे. ती घेऊन जो पितो तो स्वतःच्या शब्दालाच फसवितो. अज्ञान मुलाच्या हाती गाडी देणाऱ्या पालकाला वा मालकाला त्या मुलाच्या अपराधाबद्दल तीन वर्षांपर्यंत कैद व पंचवीस हजार रुपये दंड होऊ शकतो, हे मोटार वाहन कायद्याचे १९९अ कलम प्रत्येक आईबापाने ध्यानात ठेवावे. आणि दुर्दैवाने आपल्याच मुलाच्या हातून असे घडले, तर त्याला लपवू नये. त्याला घेऊन ठाण्यात जावे आणि जखमी माणसाच्या घरी विचारपूस करावी. दुसऱ्याकडून जो न्याय आपण मागतो, तो आपल्या अंगणात आला असता दार लावणे हे धम्माचे वर्तन नव्हे.

संविधानाच्या ४७ व्या अनुच्छेदाने मादक पेयांच्या सेवनास बंदी घालण्याचा प्रयत्न राज्याने करावा असे सांगितले आहे. राज्य ते करील तेव्हा करील. परंतु घरातील बंदी आजपासून आपल्या हाती आहे, आणि रस्त्यावर अन्याय झाला तर तो कागदावर आणण्याचे सामर्थ्यही आपल्या हाती आहे. आपल्या आजोबांना न्यायालयाच्या आवारात उभे राहतानाही भीती वाटत असे. आपण त्या आवारात ताठ मानेने शिरावे, आणि आपल्या मृताचे नाव तेथील दप्तरात न्याय्य रकान्यात लिहवून घ्यावे.

एवढे बोलून मी आपली रजा घेतो.

जयभीम! नमो बुद्धाय!